थोडक्यात राहिलेला पेपर आणि पुढचे साडेपाच महिने

तुमचा प्रश्न असा: नोकरी सांभाळून सीएम१ चा, म्हणजे ॲक्चुअरी (विम्यातल्या जोखमीचं आणि पैशाचं गणित मांडणारा तज्ज्ञ) होण्याच्या परीक्षांतल्या विमागणिताच्या पेपराचा, अभ्यास केला, जवळपास २५० तास दिले, नोट्स दोनदा पूर्ण वाचल्या, तरी पेपर थोडक्यात राहिला. पुढच्या परीक्षेला साडेपाच महिने आहेत आणि आठवड्याला १५ तास काढता येतील. वेळापत्रक कसं आखावं, आणि सोबत सीएस१, म्हणजे संख्याशास्त्राचा पेपर, सुद्धा द्यावा का?

‘नोट्स दोनदा पूर्ण वाचल्या’ या वाक्यापाशी मी थांबले. नोट्स मिटून, कोऱ्या पानावर, घड्याळ लावून किती प्रश्न सोडवले, याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही. मी स्वतः एका पेपरात अशीच दोनदा आपटले आहे, आणि दुसऱ्यांदा तर पहिल्यापेक्षा जास्त तास घालून. तेव्हा वाटलं होतं की तास कमी पडले. तास पुरेसे होते, लागले मात्र भलत्याच कामाला.

आधी तासांचा हिशेब उरकून घेऊ. सोसायटी ऑफ ॲक्चुअरीज आणि कॅज्युअल्टी ॲक्चुअरियल सोसायटी या अमेरिकेतल्या संस्थांच्या परीक्षा देणाऱ्यांमध्ये एक जुना आडाखा चालत आला आहे: परीक्षेच्या दर तासामागे १०० तास अभ्यास. तीन तासांचा पेपर असेल तर ३०० तास. हा कुठला नियम नाही, आणि ज्याचं संभाव्यताशास्त्र कॉलेजात पक्कं झालंय त्याला त्यांच्या संभाव्यतेच्या पेपराला, म्हणजे पी परीक्षेला, इतके लागतही नाहीत. पण या आडाख्याचा एक उपयोग आहे. महिनाभरात पेपर काढून टाकू, असं म्हणणाऱ्याला तो जमिनीवर आणतो.

आता तुमचे तास. साडेपाच महिने म्हणजे साधारण २४ आठवडे. २४ गुणिले १५, म्हणजे ३६० तास. कागदावर झकास. पण आपण ॲक्चुअरी होऊ घातलेली माणसं आहोत. मृत्युदर किती धरायचा हे आपण मनाला वाटेल तसं ठरवत नाही, मागचा अनुभव बघतो. मग आठवड्याला १५ तास हे गृहीतक कुठल्या अनुभवावरून आलं? माझा सल्ला असा की वेळापत्रक आखायच्या आधी दोन आठवडे नुसती नोंद ठेवा. रोज खरोखर किती मिनिटं बसलात, फोन बाजूला ठेवून. मी पहिल्यांदा ही नोंद ठेवली तेव्हा १५ च्या जागी ११ आले आणि मी चार दिवस स्वतःवर चिडून होते.

समजा तुमचंही प्रमाण ७५ टक्के निघालं. म्हणजे आठवड्याला सव्वाअकरा तास. साडेपाच महिन्यांत ऑफिसातली तिमाहीअखेरीची मूल्यांकनं, म्हणजे कंपनीच्या देण्यांची मोजणी, निदान एकदा, बहुधा दोनदा येतील. त्या दिवसांत अभ्यास होत नाही, होईल असं धरूही नका. त्याचे तीन आठवडे काढा. आजारपण आणि अचानक उद्भवणाऱ्या भानगडींचा एक काढा. राहिले २० आठवडे, २२५ तास. ३६० आणि २२५ यांत जी दरी आहे, तीच बहुतेकांची परीक्षेआधीच्या महिन्यातली झोप उडवते. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस सवयीनेच कमी बांधतो. डॅनिएल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या खोडीचं वर्णन केलं, आणि त्यांनी सुचवलेला उपाय आपल्या धंद्यातलाच आहे: स्वतःची योजना कितीही पटली तरी आधीचा अनुभव काय सांगतो ते बघा.

इथे एक पोटसूचना. सावधगिरी एकाच जागी ठेवा. काही जण प्रत्येक प्रकरणाला थोडा जास्त वेळ धरतात, प्रत्येक आठवड्यात एक दिवस मोकळा ठेवतात, आणि शेवटी परत दोन आठवडे शिल्लक ठेवतात. राखीव निधी, म्हणजे विमा कंपनीने पुढच्या देण्यांसाठी बाजूला ठेवायची रक्कम, काढताना प्रत्येक गृहीतकात लपवालपवी केली की खरा आकडा कुठे आहे हेच कळेनासं होतं, तसं या वेळापत्रकाचं होतं. प्रकरणांचे अंदाज प्रामाणिक ठेवा आणि मार्जिन वेगळं, उघड दिसेल असं, शेवटी ठेवा. ते खर्ची पडलं तर तुम्हाला दिसलं पाहिजे.

दर रविवारी एक आकडा काढायचा: प्रत्यक्ष भागिले अपेक्षित. तासांचा काढाच, पण त्याहून महत्त्वाचा म्हणजे सोडवलेल्या प्रश्नांच्या गुणांचा. या आठवड्यात ६० गुणांचे प्रश्न सोडवायचे ठरले होते, ४२ गुणांचे झाले, म्हणजे ७० टक्के. सलग तीन आठवडे ७० आलं तर स्वतःला दूषणं देऊ नका, गृहीतक बदला. नियंत्रणचक्र पुस्तकात फार भारदस्त वाटतं. घरी ते एवढंच असतं: ठरवा, करा, मोजा, परत ठरवा.

आता मुख्य मुद्दा, ते तास कशात घालायचे.

वाचताना सगळं समजतं. ओळखीचं पान दिसलं की डोकं म्हणतं, हे येतंय. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं, आणि परीक्षा आठवण्याची असते. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये याचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर परत वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आपल्या दृष्टीने गोम त्या पाच मिनिटांत आहे. पुनर्वाचन केल्यावर लगेच बरं वाटतं, म्हणून आपण तेच करत राहतो. आठवून लिहिताना मात्र अडखळायला होतं, आणि त्या क्षणी आपण ढ आहोत असं वाटतं.

सीएम१ मधलंच उदाहरण घ्या. आजीवन विम्याचं मूल्य आणि आगाऊ वार्षिकीचं (माणूस जिवंत असेतो दर वर्षाच्या सुरुवातीला मिळणाऱ्या रकमेचं) मूल्य यांना जोडणारं सूत्र आहे: विमा म्हणजे १ वजा डी गुणिले वार्षिकी. हे सूत्र दहा वेळा वाचता येतं. त्याऐवजी पान मिटा आणि ते शब्दांत उभं करा. आज हातात १ एकक आहे. ते गुंतवलं. माणूस जिवंत आहे तोवर दर वर्षाच्या सुरुवातीला त्याचं आगाऊ व्याज, म्हणजे डी, मिळत राहील. ज्या वर्षी तो जाईल त्या वर्षाच्या शेवटी मूळ १ परत मिळेल. म्हणून १ बरोबर डी गुणिले आगाऊ वार्षिकी, अधिक विमा. हे एकदा स्वतःच्या तोंडून आलं की मुदतबंद विम्यातल्या सूत्राला नक्की काय बदलतं तेही सांगता येतं, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतो.

तेव्हा रोजच्या बैठकीचा साचा मी असा सांगेन. पहिली दहा मिनिटं कालचं आणि आठवड्यापूर्वीचं कोऱ्या कागदावर, नोट्स बंद ठेवून. मग नवा भाग, पण फार तर अर्धा वेळ. उरलेल्या वेळात त्या भागावरचे प्रश्न आणि त्यात एक प्रश्न मुद्दाम जुन्या प्रकरणातला. एकाच प्रकरणाचे वीस प्रश्न ओळीने सोडवले की पद्धत कोणती हे निवडावंच लागत नाही, ती प्रकरणाच्या शीर्षकात असते. परीक्षेत शीर्षक नसतं.

नोट्स रंगवणाऱ्यांना माझा फारसा विरोध नाही. रंगवा. तो वेळ २२५ मध्ये धरू नका, एवढंच.

तुम्ही दुसऱ्यांदा बसताय, त्यामुळे सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करू नका. हा मोह फार मोठा असतो, कारण पहिली प्रकरणं येत असतात आणि तिथे प्रगती भराभर दिसते. शिवाय सीएम१ च्या अभ्यासक्रमात सगळ्यात मोठा वाटा प्रीमियम आणि राखीव निधीचा आहे, आणि नोट्समध्ये तो भाग शेवटी येतो. दोन्ही वेळा पहिल्या पानापासून निघालात तर व्याजदरांवर दोनदा ताज्या डोक्याने बसाल आणि राखीव निधीवर दोनदा थकलेल्या. अभ्यासक्रमाच्या कागदावर प्रत्येक भागाचा भार टक्केवारीत दिलेला असतो. तो कागद बरेच जण एकदाही उघडत नाहीत.

पहिल्याच आठवड्यात, काहीही न वाचता, एक जुना पेपर पूर्ण वेळ लावून द्या. गुण वाईट येतील. ते कोणाला दाखवायचे नाहीयेत. तपासल्यावर प्रत्येक गेलेल्या गुणापुढे कारण लिहा. माझ्या अनुभवात कारणं चारच असतात: कल्पनाच कळलेली नाही, कळली होती पण आठवली नाही, प्रश्न चुकीचा वाचला, किंवा वेळ पुरला नाही. आकडेमोडीची चूक ही पाचवी म्हणतात, पण नीट पाहिलं तर ती बहुतेकदा तिसरी किंवा चौथी निघते.

प्रश्न चुकीचा वाचण्याचा एक नमुना सांगते, कारण तो मी दर वर्षी बघते. व्याज वार्षिक ८ टक्के, त्रैमासिक रूपांतरित, असं दिलेलं असतं. म्हणजे तिमाहीला २ टक्के, आणि वर्षाचा प्रभावी दर १.०२ चा चौथा घात वजा १, म्हणजे ८.२४ टक्के. सतत व्याजबल, म्हणजे व्याज क्षणाक्षणाला जमा होतं असं धरून येणारा दर, काढलंत तर ७.९२ टक्के. विद्यार्थ्याला हे सगळं येत असतं. तरी घाईत तो ८ टक्के हाच प्रभावी दर धरून तीन पानं गणित करतो. असं एकदा झालं की ‘निष्काळजीपणा’ म्हणून सोडून देऊ नका. चुकांची एक वही करा आणि त्यात लिहा: दर वाचल्याबरोबर तो प्रभावी आहे की नाममात्र, हे उत्तरपत्रिकेत शब्दांत नोंदवायचं. निष्काळजीपणाला औषध नाही, पण अशा एका ओळीच्या सवयीने ती चूक खरंच थांबते. हप्ता वर्षाच्या सुरुवातीला की शेवटी, लाभ मृत्यूच्या क्षणी की वर्षाअखेर, याही अशाच ओळी. माझ्या वहीत शेवटी सतराच ओळी झाल्या होत्या. परीक्षेच्या सकाळी मी दुसरं काही वाचलं नाही.

गेलेल्या गुणांची कारणं हातात आली की वेळापत्रक आपोआप आखलं जातं. कल्पनेच्या चुका असतील तेवढीच प्रकरणं नीट, नोट्स घेऊन, नव्याने. बाकी सगळं प्रश्नांतूनच. २० आठवड्यांपैकी पहिले ८ या दुरुस्तीला द्या. पुढचे ७ जुन्या पेपरांना, आधी प्रकरणवार आणि मग मिसळून. त्यानंतरचे ३ पूर्ण वेळेच्या सरावाला. शेवटचे २ म्हणजे ते उघड मार्जिन. पहिल्यांदा बसणाऱ्यासाठी मी पहिला टप्पा १० आठवड्यांचा करेन, पण त्यालाही एकच तारीख पाठ करायला लावेन: पहिलं वाचन संपायची. ती उपलब्ध काळाच्या मध्यावर असावी. बहुतेकांची परीक्षेच्या दहा दिवस आधी असते, आणि मग रिव्हिजन या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

जुन्या पेपरांबद्दल थोडं जास्त बोलते. इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्चुअरीज ही ब्रिटनमधली संस्था आपल्या पेपरांसोबत परीक्षकांचे अहवालही प्रसिद्ध करत आली आहे. उत्तरं बघून विद्यार्थी ते मिटतो. खरा माल उत्तरांच्या आसपासच्या टिपण्यांत असतो: इथे बहुतेकांनी अमुक गृहीतक सांगितलंच नाही, इथे पायऱ्या न दाखवल्यामुळे गुण देता आले नाहीत. चार-पाच अहवालांतल्या या टिपण्या ओळीने वाचल्या की परीक्षकाचा स्वभाव कळतो. प्रश्नातलं क्रियापदही बघायला शिका. ‘स्टेट’ म्हटलं की एक ओळ. ‘एक्स्प्लेन’ म्हटलं की कारण हवं. ‘डिस्कस’ म्हटलं की दोन्ही बाजू. दोन गुणांच्या ‘स्टेट’ला अर्धं पान लिहिणारे लोक हुशार असतात आणि नापास होतात.

आणि उत्तर बघायची घाई नको. अडलात तर दहा मिनिटं अडलेलेच राहा, काय माहीत आहे आणि काय हवंय ते लिहा, मग बघा. बघितल्यावर उत्तर मिटून तोच प्रश्न लगेच पूर्ण सोडवा, चार दिवसांनी परत, आणि दोन-तीन आठवड्यांनी आणखी एकदा. विस्मरणाचा वक्र एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडला. नवं शिकलेलं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने गळतं, मग गळती मंदावते. त्यामुळे पहिली उजळणी लवकर हवी, पुढच्या लांबवल्या तरी चालतात.

वेळेचं गणित सोपं आहे, फक्त अंगवळणी पडायला हवं. १०० गुणांना ३ तास २० मिनिटं असतील तर गुणामागे २ मिनिटं. आठ गुणांच्या प्रश्नाला १६ मिनिटं, आणि सतराव्या मिनिटाला हात उचलायचा. हात उचलणं हे कौशल्य आहे आणि त्याचा सराव घरीच करावा लागतो. थोडक्यात राहिलेल्यांपैकी निम्म्यांचे गुण मी म्हणेन इथेच सांडलेले असतात: एका अवघड प्रश्नाचे शेवटचे दोन गुण मिळवण्याच्या नादात पुढच्या सोप्या प्रश्नाचे सहा हुकतात. पी परीक्षेसारख्या पर्यायी प्रश्नांच्या पेपरात ३० प्रश्नांना ३ तास असतात, म्हणजे प्रश्नाला ६ मिनिटं. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे फुकट मिळणाऱ्या संधीवर पाणी सोडणं.

उत्तरं संगणकावर टाइप करायची असतील तर सरावही टाइप करूनच करा. कागदावर वार्षिकीचं चिन्ह काढायला एक सेकंद लागतो, कीबोर्डवर त्याचं काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर दर वेळी अर्धं मिनिट जातं. स्वतःची लघुलिपी ठरवा, पहिल्यांदा वापरताना तिचा अर्थ एका ओळीत लिहा, आणि पेपरभर तीच ठेवा. मी एका विद्यार्थ्याला फक्त एवढंच बदलायला लावलं होतं. त्याचा अभ्यास आधीच झालेला होता.

ब पेपर, म्हणजे सीएम१ मधला एक्सेलचा आणि सीएस१ मधला आर भाषेचा, याला लोक शेवटच्या पंधरवड्यात हात लावतात. ऑफिसात रोज एक्सेल वापरतो, हे कारण पुढे करतात. ऑफिसात तयार शीट असते आणि बाजूला विचारायला माणूस असतो. कोऱ्या शीटमधून अर्ध्या तासात मृत्युतक्ता, रोखप्रवाह आणि नफ्याची चाचणी उभी करणं हा वेगळा व्यायाम आहे. सातव्या आठवड्यापासून आठवड्याला एक बैठक त्यालाच द्या. प्रत्येक उत्तराखाली एक वाक्य लिहायची सवय लावा, की या आकड्याचा अर्थ काय. ते वाक्य नसल्यामुळे गेलेले गुण सगळ्यात जास्त चुटपुट लावतात.

पुढच्या टप्प्यावरच्या, म्हणजे सीपी१ आणि विशेष विषयांच्या पेपरांना हे सगळं जसंच्या तसं लागू पडत नाही. तिथे बहुतेकदा एका स्वतंत्र मुद्द्याला अर्धा गुण असतो, त्यामुळे एकच मुद्दा सुंदर लिहिण्यापेक्षा दहा वेगळे मुद्दे सुचणं महत्त्वाचं. गणिताच्या पेपरांत चमकलेले लोक तिथे अडकतात. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

शेवटचे दहा दिवस: नवं काही नाही, चुकांची वही, दोन पूर्ण पेपर परीक्षेच्याच वेळेला, आणि झोप.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. दोन पेपर एकदम द्यायला माझी तत्त्वतः हरकत नाही. एक गणिती आणि एक वाचनाचा, उदाहरणार्थ सीएम१ आणि सीबी२ चं अर्थशास्त्र, ही जोडी मी अनेकांना सुचवली आहे, कारण थकलेल्या संध्याकाळी अर्थशास्त्र वाचता येतं, राखीव निधीची गणितं नाही. सीएम१ आणि सीएस१ दोन्ही सरावाचे, दोन्हींना ब पेपर, आणि दोन्ही ताजं डोकं मागतात. तुमच्याकडे खरे २२५ तास आहेत. सीएम१ च्या दुरुस्तीला त्यातले दीडशे तरी लागतील असं मी धरते, आणि उरलेल्या ७५ तासांत सीएस१ नव्याने उभा राहत नाही. म्हणून मी सीएम१ एकटाच देईन. मात्र फॉर्मची मुदत संपायच्या आत तो पहिला, काहीही न वाचता द्यायचा पेपर देऊन टाका. त्यात तुम्हाला उत्तीर्णतेच्या जवळपास गुण पडले आणि गेलेले बहुतेक गुण वेळेमुळे किंवा वाचण्याच्या चुकीमुळे गेले असं निघालं, तर दीडशेचा माझा अंदाज चुकला आहे असं समजा आणि सीएस१ चा फॉर्मही भरा.